ज्वारीच्या बुडाचा टारफुला

दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. राणीसावरगावच्या बाजूला आमचं हलकं रान होतं आणि त्यात खरिपाची ज्वारी. माझं नुकतंच लग्न झालेलं, त्यात मला दिवस गेलेले. ज्वारी भरली तर ऊसतोडीला जायची गरज नव्हती. नाही भरली, तर नवऱ्याच्या जोडीला कोयता घेऊन मीच. त्यामुळे त्या पिकाकडं मी डोळ्यांत तेल घालून बघत होते.

आणि ज्वारी सुकायला लागली. पायाखाली चिखल, वर पानं मात्र वळून सुरळी झालेली. हे काही केल्या माझ्या डोक्यात शिरेना.

"आत्याबाई, वल हाय तरी ही का सुकायलीय?" मी सासूला विचारलं.

"टारफुला लागलाय," त्या म्हणाल्या आणि ज्वारीच्या ताटांच्या बुडाशी वीतभर वाढलेली, पांढऱ्या फुलांची रोपं दाखवली. दिसायला इतकी गोजिरवाणी, की मला राग यायलाही वेळ लागला.

रोप ओढलं की तुटायचं. मग मी खुरप्यानं ताटासकट ढेकूळ उकरलं, ओढ्यावर नेऊन हलक्या हातानं धुतलं. टारफुल्याचं दोऱ्याएवढं मूळ ज्वारीच्या मुळाला जाऊन चिकटलं होतं आणि सांध्यावर बारीक गाठ होती. स्वतःची हिरवीगार पानं असून हा बाबा दुसऱ्याच्या मुळातून पाणी ओढत होता! मला इतकं नवल वाटलं की मी तशीच ते दाखवायला गेले.

"पोटुशी बाई अन् चिखलात काय खेळायलीस?" आत्याबाई हसल्या. "पोटातलं बी असंच वढायलंय तुला. बघ, कशी वाळलीस."

पण हा आमच्या रानात आला कुठून? पूर्वी नव्हता, असं त्याच सांगत. मी खोदून खोदून विचारत राहिले. त्या दुसऱ्यांच्या रानात खुरपायला जात. खुरपणाऱ्या बाईनं निंदलेल्या गवताचा भारा संध्याकाळी घरी न्यायचा, ही आमच्याकडची रीतच. त्या गवतात टारफुलाही येत असणार. भारा म्हशीला, शेण उकिरड्यात, उकिरडा आपल्या रानात. मी टारफुल्याचं वाळलेलं बोंड तळहातावर चोळलं, तर तपकिरीसारखी धूळ पडली. ते सगळं बी होतं.

आत्याबाईंनी माझा हात जवळ ओढून ती धूळ बोटानं चाचपली. "म्हंजी म्याच आणला व्हय गं?"

राहिलेला टारफुला आम्ही उपटून जाळला, पण ज्वारी निम्मीसुद्धा भरली नाही. दिवाळी झाली, ऊसतोडीचा ट्रक आला. मी गाठोडं बांधून उभी होते. आत्याबाईंनी ते माझ्या हातातून काढून घेतलं आणि स्वतःचं वर टाकलं. मी रडून त्यांना अडवत होते, नवराही नको म्हणत होता.

"भारा म्या आणला, पोरी. कोयताबी म्याच उचलते," त्या म्हणाल्या.

त्यांचे गुडघे वातानं धरलेले होते. ट्रकमध्ये घ्यायला नवऱ्याला त्यांना दोन्ही हातांनी वर ओढावं लागलं.