धोतराचा फोटो

काल सकाळी आमच्या जामखेडच्या घराच्या गच्चीवर एक गंमत बघितली. आमची सूनबाई दुर्बिणीच्या तोंडावर नवऱ्याचा पांढरा टी-शर्ट ताणून त्याचेच फोटो काढत होती!

म्हणाली, "आई, ह्याला फ्लॅट म्हणतात. भिंगावरची धूळ, कोपऱ्यातला काळपटपणा ह्यात दिसतो. मग कॉम्प्युटर तेवढा दोष ताऱ्यांच्या फोटोतून काढून टाकतो." मी म्हटलं, बाई गं, हे मला पन्नास वर्षांपासून ठाऊक आहे.

माझा थोरला भाऊ, आमचा दादा, इथल्याच हायस्कूलात सायन्स शिकवायचा. जुना बॉक्स कॅमेरा घेतला आणि लागला ताऱ्यांच्या मागे. बहात्तरच्या दुष्काळाचे दिवस. आभाळात ढग नाही म्हणून गाव कासावीस, आणि त्याच कारणाने खूश असलेला एकटा माणूस आमच्या घरात... आईच्या शिव्या खायचा त्यापायी.

त्याच्या फोटोंत कोपऱ्यातले तारे नेहमी फिके यायचे. ते खरंच फिके, की भिंगच तिथे अंधारं, हे त्याला तपासायचं होतं. म्हणून एका सकाळी त्याने वडिलांचं धुतलेलं धोतर काढलं. एक टोक आईकडे, एक माझ्याकडे.

"ताठ धरा, सुरकुती पडाय नगं!" दादा ओरडला.

"आरं येड्या, रोल हाय तर मानसांचा फोटू काढ की," आई म्हणाली. "धोतराचा काय काढतुस?" आम्ही दोघी इतक्या हसलो की धोतर हलायला लागलं. दादा चिडला, आणि रोल तिथेच संपला.

पुढच्या उन्हाळ्यात दादा काविळीने गेला.

आईला भिंतीवर लावायला त्याचा फोटो हवा होता. घरात, शाळेत, मित्रांकडे, सगळीकडे विचारलं. एकही नाही... कॅमेरा कायम त्याच्याच हातात, त्याचा फोटो काढणार कोण? आई रोज विचारायची, "घावला का गं?" मला तिच्यासमोर जायची भीती वाटायला लागली.

शेवटी स्टुडिओतून आलेली त्याची पाकिटं उघडली. एकेक निगेटिव्ह खिडकीशी धरत गेले. तारे, तारे... मग ते धोतर. निगेटिव्हमध्ये उजेड काळा येतो, म्हणून धोतर काळंकुट्ट. आणि त्याच्या मधोमध, लख्ख, दादा.

त्या सकाळी ऊन त्याच्या पाठीशी होतं. त्याची सावली धोतरावर पडली होती... कॅमेऱ्यात बघायला झुकलेली मान, मोठाले कान, विस्कटलेले केस. वाया गेलेला फोटो म्हणून त्याने बाजूला ठेवला असणार.

मी आईला हाक मारली. तिने ती फिल्म उन्हात धरली आणि रडायला लागली. मी म्हटलं, नगरला नेऊन मोठा फोटो करून आणते, फक्त त्यात सगळं उलटं होईल, दादा काळा दिसेल.

"नगं," आई म्हणाली. "काळा करू नगं त्याला. असाच ऱ्हाऊ दे."

भिंतीवर फोटो कधी लागलाच नाही. आई होती तोवर सकाळी ऊन आलं की ती फिल्म खिडकीशी धरायची.

आता मी धरते. फोटो बिघडला, म्हणून दादा आम्हाला राहिला. पण तो मान खाली घालूनच उभा आहे... आणि मला दरवेळी वाटतं, म्हणावं, दादा, एकदा वर बघ ना रे.