छातीचा फोटो

मला जगवलं ते एका तुर्की माणसानं. हे आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढचं वाचून तुम्ही त्याला नावं ठेवणार नाही.

मी मुरुमचा. सातवीतून शाळा सुटली. मुंबईहून बोटीवर भांडी घासत निघालो, तापानं फणफणलो आणि जर्मनीतल्या एका बंदरात मला उतरवलं गेलं. दवाखान्यातून सुटलो, तर फाटकाशी हा उभा. "हिंदिस्तान?" म्हणाला. मी मान हलवली. तो राबायचा त्या लोखंड ओतायच्या कारखान्यात त्यानं मला लावलं, आपल्या खोलीत जागा दिली.

जेवताना ताटातला तुकडा काट्यानं उलटून तो विचारायचा, "डोमुझ?" म्हणजे डुक्कर. मग माझंही ताट तपासायचा. मी लिंगायत, मला कसलंच मटण चालत नव्हतं.

"डुक्कर न्हाय, गाय न्हाय, बकरं न्हाय! मग खातोस काय, हवा?" असं मोडक्या जर्मनमध्ये म्हणत तो आपले बटाटे माझ्याकडं लोटायचा. वर एक शब्द, "सबर." म्हणजे धीर धर. हा शब्द मला मुरुमच्या मुसलमान शेजाऱ्यांमुळं ठाऊक होता.

करार वर्षाचा. तो संपला की कारखान्यात छातीचा फोटो काढत. डाग दिसला की माणूस मायदेशी परत. त्याला लई खोकला लागला होता. गावी बायको, दोन पोरी, अर्धं बांधून झालेलं घर.

माझा फोटो आदल्या दिवशीच झाला होता. त्यानं नंबराचा बिल्ला गळ्यातून काढून माझ्या हातात दिला.

"माझ्या जागी तू जा."

"धरलं तर?"

"आपलं तोंड कोण बघतंय, भावा? नंबर बघतात."

खरंच कुणी बघितलं नाही. गार पत्र्याला छाती टेकवून मी श्वास रोखला. त्याचा कागद आला, तब्येत उत्तम. त्यानं मला उचलूनच घेतलं. मला वाटलं, उपकार फिटले.

पुढं सात महिने तो भट्टीपुढं उभा राहिला. मग एके सकाळी पडला. चार दिवसांनी गेला.

दवाखान्यातल्या डॉक्टरनं कराराच्या वेळचा फोटो खिडकीच्या उजेडात धरला. "इतकी स्वच्छ छाती. सात महिन्यांत असं कसं झालं?" मी टोपी हातात धरून तिथंच उभा होतो.

डाग दिसला असता तर त्याला परत धाडलं असतं. पोरींजवळ, कोरड्या हवेत, कदाचित वाचला असता.

त्याच्या बायकोला वाटतंय, धडधाकट माणूस अचानक गेला. त्यांच्या गावाचं नाव मी पाठ केलंय. कधीतरी तिथं जाईन, तिच्यापुढं बसेन आणि ती छाती माझी होती, हे सांगेन. ती म्हणेल ते ऐकून घेईन. एवढी फेड मी करीनच.