बारा व्होल्टची मोटार

आमच्या घरची मोटार काळी आहे, माझ्यापेक्षा वयाने मोठी आहे आणि परवापरवापर्यंत ती सहा व्होल्टच्या बॅटरीवर चालायची. खरं सांगायचं तर ती आईवर चालायची.

अण्णा, म्हणजे माझे वडील, तहसील कचेरीत अव्वल कारकून होते. भोर संस्थानच्या एका जुन्या कारभाऱ्याच्या पडवीत वर्षानुवर्षं धूळ खात पडलेली ही गाडी त्यांनी तरुणपणी घेतली आणि स्वतःच्या हातांनी उभी केली. तिचं सगळं उत्तम होतं, फक्त वीज कमी पडायची. हल्लीच्या गाड्यांना बारा व्होल्टची बॅटरी असते, हिला सहाची. तेवढ्या विजेवर हेडलाइट समईएवढे पेटायचे आणि सेल्फ, म्हणजे इंजिनाला पहिला गरका देणारी मोटर, दोनदा कण्हून गप्प व्हायचा. मग अण्णा स्टिअरिंगवरचे हात न काढता, मान न वळवता म्हणायचे, "उतर गं." आई उतरायची, पदर खोचायची आणि ढकलायची.

घराच्या दारात ढकलायची, एसटी स्टँडसमोर ढकलायची, लग्नाला गेलो तर मांडवाच्या दारात जरीच्या लुगड्यात ढकलायची. मी मागच्या सीटवर असायचो. लोक बघायला लागले की मी सीटच्या खाली वाकून बसायचो, शाळेतल्या कुणाला दिसू नये म्हणून. उतरून हात लावावा असं मला कधी सुचलं नाही. आता माझी पन्नाशी उलटली, तालुक्याच्या कोर्टात रोज उभा राहून बोलतो, पण हे एवढं मी कुणापुढे बोललेलो नाही.

आईचे गुडघे गेले तेव्हा तिने एकदाच सांगितलं, "आता ह्या गाडीत म्या न्हाई बसायची. बटणावर चालू हुईल तवा बसंन." आई हिर्डोशीची. इतकी वर्षं भोरात राहून तिची बोली तसूभर हललेली नाही, आणि शब्दही हलत नाही. त्यानंतर ती माहेरी एसटीने जायची. एसटी नसेल तर जायची नाही. गाडी दारात उभी आणि आई स्टँडवर उभी, हे मी दहा वर्षं पाहिलं. दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झाल्यावर एसटीची पायरीही तिला चढवेना.

मला मग चैन पडेना. कोर्टात कागद चाळताना डोक्यात वायरिंग. मी ठरवलं, गाडी बारा व्होल्टची करायची. अण्णांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "मूळ गाडी आहे ती. तिच्या पोटात ट्रॅक्टरचं सामान घालणार?" मी म्हणालो, घालणार. त्यानंतर गाडी या विषयावर आम्ही बापलेक एकमेकांशी एक अक्षर बोललो नाही. जेवायला समोरासमोर बसायचो, आमटी वाढून घ्यायचो, आणि मध्ये ती गाडी असायची.

नसरापूरला गाड्यांच्या वायरिंगचं काम करणारा एक मिस्त्री आहे. टेम्पोमागे दोर लावून गाडी त्याच्याकडे नेली. त्याने वीज बनवणारा जुना डायनामो काढला, त्याच्या जागी अल्टरनेटर बसवला, बल्ब बदलले, कॉइल बदलली, हॉर्न बदलला. सगळे मिळून पाच आठवडे लागले आणि त्या पाच आठवड्यांत मी त्याला इतके फोन केले की शेवटी तो म्हणाला, "वकीलसायेब, तुमी फोन करताय तवा माझा हात थांबतोय." आठ दिवस मी फोन केला नाही. नुसता नसरापूरला जाऊन उभा राहायचो.

गाडी देताना त्याने दोन गोष्टी सांगितल्या. "सेल्फ जुनाच ठिवलाय. बारावर लई जोरात फिरतोय, पर सारखं सारखं बटण दाबू नका, बॅटरी उतरंल. आन् इंजिन चालू असताना बॅटरीचं टर्मिनल काढायचं न्हाई. काढलं की अल्टरनेटर संपला." मी मान हलवली. टर्मिनल कोण कशाला काढेल, असं मनात म्हणालो. घरी येऊन कुणाला काही सांगितलं नाही. सांगायचं कुणाला? बॉनेटखाली हात घालणारा घरात एकच माणूस, आणि त्याच्याशी माझा अबोला.

भातकापणी झाली, झोडणी झाली, आणि हिर्डोशीहून मामाचा निरोप आला, नव्या तांदळाचा भात खायला या. आईने मला विचारलं, "बटणावर हुतीया का?" मी म्हणालो, "होते." तिने लगेच लुगड्याची घडी मोडली.

सकाळी निघायचं होतं. आई पुढच्या सीटवर बसली. त्या सीटवर तिला नीट टेकून बसलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. एरवी ती कडेला असायची, एक पाय दाराकडे. मी तिलाच म्हटलं, दाब बटण. तिने अंगठ्याने दाबलं. गाडी एका झटक्यात चालू झाली. आई दचकली आणि मग अशी हसली की मला काही सुचेना. मी तोऱ्यात हेडलाइटही लावून दाखवले. दिवसाउजेडीसुद्धा समोरच्या भिंतीवर उजेड पडला.

तेवढ्यात अण्णा घरातून आले. अंगात इस्त्रीचा सदरा, खिशात पाना. मला वाटलं, गाडीत बसतील. त्यांनी बॉनेट उघडलं.

आता हे सांगितलं पाहिजे. जुन्या गाड्या चालवणाऱ्या माणसांची निघण्याआधीची एक परीक्षा असते. इंजिन चालू ठेवायचं आणि बॅटरीचं एक टर्मिनल, म्हणजे वायरचं टोक, सोडवायचं. इंजिन चालूच राहिलं तर डायनामो वीज बनवतोय, बंद पडलं तर नाही. डायनामोच्या गाडीत ते खपून जायचं. अण्णांनी चाळीस वर्षं प्रत्येक प्रवासाआधी हे केलं होतं. नारळ राहिला तरी चालेल, हे राहून चालायचं नाही. टर्मिनल हातात धरून ते क्षणभर ऐकायचे आणि म्हणायचे, "आहे जीव."

मी स्टिअरिंगवरून ओरडलो तोवर पाना फिरला होता. हेडलाइट एकदम पांढरे झाले, डोळे दिपले, आणि दोन्ही गेले. जळक्या वासाचा भपका आला. इंजिन अडखळलं आणि बंद पडलं. अण्णा टर्मिनल हातात धरून अजून ऐकत होते.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी खाली उतरलो आणि काय काय बोललो ते सगळं आठवत नाही, आठवतं तेवढं पुरेसं आहे. "तुम्हाला नकोच होतं हे. तिला आयुष्यभर ढकलायला लावलंत, आता पाय गेले तरी बसू देणार नाही तुम्ही!" शेजारच्या गॅलरीत लोक आले. हातातल्या टर्मिनलकडे बघत अण्णा हळूच म्हणाले, "मला कुणी सांगितलं नाही."

खरं होतं. सांगायचं होतं मी. राग जागच्या जागी राहिला, पण धरायला कुणी उरलं नाही, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

मिस्त्रीला फोन लावला. तो म्हणाला, "बॅटरी भरल्याली हाय न्हवं? मग जाऊन यायचं. अल्टरनेटरची जाड वायर काढा आन् टेप मारा. चार्जिंग हुनार न्हाई, लाईट न्हाई. उजेडातच माघारी या." अण्णांनीच ती वायर काढली. टेप दातांनी तोडून गुंडाळली, तीन पदरी. मी मोबाईल धरून उभा होतो. मी म्हणालो, राहू दे, नको जायला, दुरुस्त झाल्यावर जाऊ. आई अजून गाडीतच बसली होती. तिने मला न विचारता बटण दाबलं. गाडी चालू झाली.

"हुतीया की," ती म्हणाली. "चला."

अण्णा मागे बसले. त्यांचे डोळे अधू झाल्यापासून गाडी मीच चालवतो. हिर्डोशीपर्यंत माझी नजर रस्त्यावर कमी आणि विजेचा काटा दाखवणाऱ्या त्या लहानशा तबकडीवर जास्त. काटा शून्याच्या डाव्या अंगाला झुकलेला, म्हणजे बॅटरी खर्च होतेय, भरत नाही. डावीकडे धरणाचं पाणी, उजवीकडे कापलेली खाचरं, आई एकेक गाव ओळखून सांगत होती, आणि मी मनात हिशेब करत होतो, इतकं गेलं, इतकं उरलं. हॉर्नसुद्धा वाजवला नाही. वळणावर तोंडाने ओरडलो. आई म्हणाली, "आरं, गुरं हाकतुयास का गाडी?"

मामाच्या घराखालच्या उताराला गाडी लावली. गाडी नेहमी उताराला लावायची, ही अण्णांची शिकवण. भात वाढला गेला, वाफाळता, पण माझं चित्त ताटात नव्हतं. बाहेरून इंजिनाचा आवाज आला. बंद झाला. पुन्हा आला. मी उष्ट्या हाताने अंगणात धावलो.

आई गाडीत बसली होती. भोवती तिच्या दोन भावजया, चुलत बहिणी, शेजारणी. यातल्या बहुतेकींनी तिला याच उतारावर गाडी ढकलताना पाहिलेलं. ती किल्ली बंद करायची, एकेकीला जवळ बोलवायची आणि बटण दाबून दाखवायची. "बग. आता तू दाब. घाबरू नगंस, नुसतं दाबायचं!" मी तोंड उघडलं होतं, बॅटरी उतरेल म्हणून ओरडायला. मागून अण्णांचा हात माझ्या खांद्यावर आला. "दाबू दे तिला," ते म्हणाले. सकाळपासून त्यांनी माझ्याशी बोललेलं हे दुसरं वाक्य होतं. मी उघडलेलं तोंड मिटलं, हाताला भात तसाच.

चार वाजता निघालो. आईने बटण दाबलं. कट्. पुन्हा दाबलं. कट्. सेल्फ फिरवायला बॅटरी पुरत नव्हती, ठिणगीपुरती उरली असेल तर तेवढीच.

आईचा चेहरा उतरला, पण क्षणभरच. तिचा हात आपोआप दाराच्या मुठीवर गेला, पदर कमरेला गेला आणि एक पाय बाहेर पडला, ऑपरेशनचा पाय, वाकत नाही तो.

"तू बस," अण्णा मागून म्हणाले.

ते उतरले. मी म्हणालो, तुम्ही थांबा, मी ढकलतो. "मला दिसत नाही नीट. तू स्टिअरिंग धर." मामा आणि दोनचार जण धावत आले, त्यांना अण्णांनी हात वर करून थांबवलं. मग मागे जाऊन त्यांनी गाडीला हात लावला. आरशात मला त्यांचा इस्त्रीचा सदरा दिसत होता. गाडी हलेना.

आईने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "अवो, मडगार्डावर हात नगा ठिवू, चेपतंय ते! खाली धरा. पाय मागं रोवा. आन् श्वास सोडून ढकला, धरून न्हाई!" अण्णांनी हात खाली घेतले, पाय मागे रोवला. गाडी हलली. चाक उताराला लागलं. मी क्लच दाबून गिअर टाकून वाट बघत होतो, तर आई रस्त्याचा आवाज ऐकत होती. "न्हाई... अजून न्हाई... आता सोड!" मी क्लच सोडला. गाडीला हिसका बसला आणि इंजिन धडधडून चालू झालं.

थोडं पुढे जाऊन मी थांबलो, इंजिन चालूच ठेवून. अण्णा उतार उतरून आले, सावकाश, एक हात छातीवर ठेवून. मागचं दार उघडून बसले. मी लहानपणी जिथे वाकून बसायचो, तिथेच. त्यांचा श्वास इंजिनापेक्षा मोठा ऐकू येत होता.

आईने मागे न बघता पाण्याची बाटली त्यांच्याकडे सरकवली.

"दम लागला?"

"लागला."

"व्हय," आई म्हणाली. "लागतो."