नखे उमटलेला ठसा

सत्यनिष्ठा हा शब्द आपण फार सहज उच्चारतो, जणू ती एकाच तोलाची वस्तू आहे. वस्तुतः तिला पायऱ्या आहेत. जेवढे पाहिले तेवढेच सांगणे ही पहिली. आपण सांगितले ते चुकीचे होते हे उमगल्यावर, ते ज्याला सांगायचे ते माणूस उरले नसतानाही, पुन्हा उभे राहून सांगणे ही बहुधा अखेरची. पहिल्या पायरीवर सज्जनांची वर्दळ असते. अखेरच्या पायरीवर मनुष्य एकटाच असतो. अवधूत बोरस्ते तेथवर पोहोचले, आणि त्यासाठी त्यांना आठ हिवाळे लागले.

मूळचे ते निफाडचे. आखातातल्या दुखानच्या तेलक्षेत्रात तेलवाहिन्यांच्या गंजाची तपासणी करण्यात त्यांची अठ्ठावीस वर्षे गेली. या कामाचा एक दंडक असतो: नोंद खोडरबराने पुसायची नाही. चुकली तर तिच्यावर एकच आडवी रेघ मारायची, खालचे अक्षर वाचता आले पाहिजे. शेजारी बरोबर नोंद, सही आणि तारीख. हा दंडक अवधूतरावांच्या हाडीमासी इतका मुरला होता की वाणसामानाच्या यादीतही ते खाडाखोड करीत नसत. पत्नी शशिकलाबाई हसून म्हणत, "अहो, कोथिंबिरीवर सही राहिली तुमची!"

२०१६ च्या जानेवारीतला एक शुक्रवार. सूक वाकिफच्या बाजारातून मसाले घेऊन दोघे दुखानकडे परतत होते. सूर्य नुकताच टेकला होता. सपाट, फिकट वाळवंटावर तांबूस प्रकाश पसरला होता. अकस्मात शशिकलाबाई ओरडल्या, "अहो, बिबट्या! तो बघा, बिबट्या!"

अवधूतरावांनी गाडी थांबवून वळून पाहीपर्यंत बाभळीच्या झुडपामागे एक लांब शेपटी तेवढी नाहीशी झाली.

पुढच्या शुक्रवारी बाईंनी हट्टाने त्यांना त्याच जागी नेले. खोलगट ओल्या मातीत एक ठसा त्यांनाच आधी दिसला. तिथल्या मराठी मंडळाच्या मुलांच्या हस्तकलेसाठी आणलेले प्लास्टर त्या पिशवीतून घेऊन आल्या होत्या. अवधूतराव उकिडवे बसले, पट्टी लावली, आणि निर्णय दिला.

"नखं उमटलीत. कुत्रा आहे."

"एवढा मोठा कुत्रा?"

"अगं, बिबट्या नखं आत घेऊन चालतो. आमच्या निफाडला शेंबडं पोरही सांगेल. तुम्ही पुण्याचे, तुमच्याकडे मांजरं काय ती गादीवरची."

"माझ्या डोळ्यांनी पाहिलं मी, अहो."

"ठसा काय सांगतो ते बघायचं."

त्यांनी वहीत ठशाचे चित्र काढले, मापे लिहिली आणि खाली शेरा मारला: 'कुत्रा. रद्द.' बाईंनी तरीही प्लास्टर कालवून ओतलेच. ते सुकेपर्यंत दोघे गाडीत बसून होते.

त्या वर्षी मंडळाच्या संक्रांतीच्या मेळाव्यात ही वार्ता पसरली. "शशिकलाताई, बिबट्याला आज कुणाकडे ठेवून आलात?" एकीने विचारले. दुसरी म्हणाली, "तिळगूळ घेतो का हो तो?" बाई हसल्या, आणि त्यांनी पतीकडे पाहिले. सगळ्यांनीच पाहिले. अवधूतराव प्रांजळपणे म्हणाले, "मी बुवा शेपटीच पाहिली. ठसा मात्र कुत्र्याचा होता."

यात असत्य असे एक अक्षरही नव्हते. परंतु त्या क्षणी बाईंच्या मुखावरचे हसू जसे विझले, तसे ते त्यांनी पूर्वी कधी पाहिले नव्हते. पुढे त्या मेळाव्यांना जाईनाशा झाल्या. कारण विचारले तर म्हणत, "गुडघे दुखतात." तो विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. अडीच वर्षांनी हृदयविकाराने त्या गेल्या.

अवधूतरावांचा खरा शोध त्यानंतर सुरू झाला. पत्नीचा शब्द खरा ठरवायचा, एवढेच त्यांच्या आयुष्यात शिल्लक राहिले होते. हिवाळ्यातल्या प्रत्येक शुक्रवारी ते भल्या पहाटे निघत. सोबत पाण्याची बाटली, पट्टी, वही, आणि आता स्वतः विकत घेतलेले प्लास्टर. वारा आदल्या दिवसाचे सारे पुसून टाकी, म्हणून दर खेपेला भूमी कोरी असे. सशांची पावले, उंटांचे रुंद तळवे, भटक्या कुत्र्यांच्या रांगा. वहीत एकेक शेरा वाढत गेला: कुत्रा, रद्द. कुत्रा, रद्द. जे बिननखी पाऊल ते शोधीत होते, ते कधीच मिळाले नाही. दुपारी घरी येऊन ते दोन ताटे काढीत आणि एक परत ठेवीत.

वसईचे सबॅस्टियन, वसाहतीच्या दवाखान्यातले नोंदणी कारकून, कधीमधी डोकावत. "बोरस्ते साहेब, वाघ सापडला काय?"

"बिबट्या."

"तोच. भेटला तर सांगा, माझी बायको आयरीन त्याला आमच्या इंदेलचा आंबट-तिखट रस्सा पाठवील." मग हळूच, "चला ना घरी. जेवायला."

"पुढच्या शुक्रवारी."

सबॅस्टियनना ठाऊक होते की तो शुक्रवार यायचा नाही.

२०२४ चा जानेवारी उजाडला. मार्चअखेर निवृत्ती, आणि मग आखात सोडणे. अवधूतरावांच्या हाती मोजके शुक्रवार उरले होते. त्यांतल्या एका सकाळी, उंटांच्या कुंपणाशी नसरुद्दीन भेटला. हा बिहारचा उंटपाळ. इतकी वर्षे दुरूनच सलाम करायचा. त्या दिवशी त्याने चहा पुढे केला.

"साहब, आप इतने साल से क्या ढूँढते हैं, मुझे मालूम है।"

अवधूतरावांचा पेला हातातच राहिला.

"मालिक ने ऊँट बेच दिए। मैं भी खलास, घर जा रहा हूँ, तो बोल देता हूँ। बगल के फार्म पे एक फहद पाला था। चीता। गले में पट्टा। पिंजरे से भागा, बीस दिन बाहर रहा। फिर भूखा मर गया बेचारा। चुपचाप गाड़ दिया।"

"कब?"

"आठ साल हुए। उसी जाड़े में।"

अवधूतरावांनी चहा संपवला, आभार मानले, आणि ते गाडीत येऊन बसले. सहा हिवाळे ते एका मृत प्राण्याच्या मागावर होते. घरी येताच त्यांनी टोरांटोला नुपूरला फोन लावला. लेकीला मराठी सगळी समजते. उत्तर मात्र ती इंग्रजीतच देते.

"चित्त्याचं पाऊल कसं उमटतं गं?"

"वेट, बाबा." ती काहीतरी शोधत होती. "चीताज कान्ट पुल देअर क्लॉज इन. सो द क्लॉज शो. लाइक अ डॉग्ज. व्हाय?"

"काही नाही. जेवलीस का?"

त्यांनी वही उघडली. पहिल्याच पानावर त्यांच्या हातचे चित्र होते: चार बोटे, चार नखे, आणि तळव्याच्या मागल्या कडेला तीन उंचवटे, जे मार्जारकुळातच असतात. ते तीन उंचवटे त्यांनी मापून काढले होते, पण पाहिले नव्हते. नखे दिसताच निफाडच्या ज्ञानाने त्यांचे डोळे मिटले होते. पत्नीला लोकांनी पुढे हसून खोटे ठरवले. त्याआधीच, त्या ओल्या मातीत उकिडवे बसून, त्यांनी स्वतःच तिला खोटे ठरवले होते.

मग त्यांना प्लास्टर आठवले. ते कुठे गेले? कपाटे शोधली, माळा शोधला. अखेरीस सज्ज्यातली कढीपत्त्याची कुंडी हलवली. गेल्या आठ उन्हाळ्यांपैकी पहिले अडीच ते झाड बाईंनी जगवले होते. नंतरचे त्यांनी स्वतः. कुंडीखाली, पाणी झिरपून पिवळी पडलेली ती चकती पालथी होती. उलटवली. नखे जशीच्या तशी होती.

त्यांनी 'कुत्रा. रद्द.' या शब्दांवर एक आडवी रेघ मारली. शेजारी लिहिले: 'चित्ता.' सही केली. तारीख घातली.

फेब्रुवारीत झालेल्या संक्रांतीच्या मेळाव्यात त्यांनी दोन मिनिटे मागून घेतली. हाती चकती होती. "शशिकला खरं बोलत होती," ते म्हणाले. "तो चित्ता होता. ठसा तिनं शोधला, तिनंच घेतला. चुकलो मी, आणि तेही तुम्हा सर्वांसमोर. म्हणून इथेच सांगतो."

सभागृहात नव्या माणसांचा भरणा होता. शशिकला कोण, हेही पुष्कळांना ठाऊक नव्हते. काहींनी टाळ्या वाजवल्या. जुन्यांपैकी एक बाई डोळे पुसत जवळ आल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, तिळगूळ घेतलात का?" त्यांनी घेतला. त्या संध्याकाळी ते सबॅस्टियनच्या घरी जेवले, आणि बहुधा प्रथमच वाढलेले सगळे संपवले.

एप्रिलमध्ये ते निफाडला गेले. पुढल्या वर्षी तेथेच, झोपेत, त्यांचे देहावसान झाले. कढीपत्ता आयरीनच्या सज्ज्यात आहे. दुखानच्या वसाहतीतल्या ग्रंथालयात, बॅडमिंटनच्या चषकांशेजारी, काचेमागे ती पिवळट चकती आहे. खाली अवधूतरावांच्या अक्षरात चिठ्ठी आहे: 'चित्ता. जानेवारी २०१६. पाहिला व ठसा घेतला: शशिकला बोरस्ते.'