बाल्कनीतला हायड्रोजन

चहा घेताय ना? घ्या, घ्या. याच घरात एका रविवारी मी आलेल्या माणसांना चहा नाकारला होता. का, ते ऐका. आणि हसायचं असेल तर माझ्या तोंडावर हसा, मागून नको!

मी कॉलेजात केमिस्ट्री शिकवते आणि चाळिशी उलटल्यावर पीएचडी करतेय. विषय काय, तर काचेच्या पट्टीवर टायटॅनियम ऑक्साइडचा इतका पातळ थर द्यायचा की डोळ्यांना दिसूच नये. पट्टी पाण्यात बुडवून उन्हात ठेवली की पाण्यातून हायड्रोजन निघायला हवा. हवा! तीन वर्षांत एक बुडबुडा नाही. शेवटी आमचे गाइड सर म्हणाले, "मॅडम, सोमवारपर्यंत बुडबुडे दाखवा, नाहीतर विषय बदला." माझी तर झोपच उडाली.

रविवारी लॅब बंद. म्हणून साध्या आणि थराच्या पट्ट्यांचा डबा मी घरी आणला, इथे चंदनसारला. ग्लासात नळाचं पाणी घेतलं, पट्टी बुडवली आणि बाल्कनीच्या कठड्यावर कडक उन्हात ठेवली. अर्ध्या तासाने बघते तर काय, पट्टीभर बुडबुडे! मी अशी किंचाळले की नवरा अर्धी दाढी तशीच ठेवून धावत आला.

"गॅस बंद कर! हायड्रोजन पेट घेतो!"

"अगं, भात अर्धा कच्चा आहे."

"राहू दे कच्चा!"

खरं तर त्या ग्लासातला सगळा गॅस पेटवला असता तरी मुंगीची मिशी जळली नसती. पण आनंदात केमिस्ट्री आठवते कोणाला?

नवऱ्याने लगेच सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकला. झालं! दहा मिनिटांत शेजारच्या दोघी आणि सेक्रेटरी काका हजर.

"मॅडम, स्फोट-बिस्फोट नाही ना होणार?" काका दारातूनच. "बिल्डिंगला अजून ओसी, राहण्याचा दाखला नाही मिळालेला."

"म्हणूनच आज चहा नाही," मी ऐटीत सांगितलं आणि सरांना व्हिडिओ कॉल लावला.

सर खूश. "अभिनंदन, मॅडम!"

तेवढ्यात सासूबाई बाल्कनीत आल्या. चहा न मिळाल्याने आधीच तापलेल्या. त्यांची कवळी रोज त्याच कठड्यावर, पाण्याच्या वाटीत असते. त्यांनी वाटी उचलली आणि थेट सरांसमोर धरली.

"सुषमा, माझ्या कवळीतनं पन हायड्रोजन निघतो काय गो?"

कवळीच्या एकेका दातावर बुडबुडे!

"अगो, उन्हात पानी तापलं का त्यातली हवा सुटते. मिठागरावर जन्म गेला माझा, उन्हातलं पानी मला नको शिकवू."

सरांनी विचारलं, "मॅडम, कंट्रोल प्रयोग केला होता ना? साधी, थर नसलेली काच घालून?"

"राहिला, सर."

"बरं. थराच्या पट्टीवर कोपऱ्यात नंबर कोरलेला असतो. तो वाचा."

मी पट्टी बाहेर काढली. उलटी केली, सुलटी केली. नंबर नाही! डबा उघडला, तर नंबरवाल्या पाचही पट्ट्या आत, कोरड्या ठणठणीत. आता कुठे लपू, असं झालं मला.

"म्हणजे कंट्रोल प्रयोग केलात की," सर म्हणाले. "फक्त तेवढाच केलात."

"आणि सर... विषय?" मी रडवेली.

"सहा महिने देतो. पण पुन्हा बुडबुडे दिसले तर मला फोन करू नका. आधी सासूबाईंना दाखवा."