हरलेल्यांचा कोरा शर्ट

दुबईजवळच्या अजमानच्या बसमध्ये शेजारच्या माणसाच्या टी-शर्टवर माझ्या अमेरिकेतल्या कॉलेजचं नाव होतं, आणि खाली 'नॅशनल चॅम्पियन्स'. मला राहवेना. "काका, ही टीम फुटबॉलची फायनल हरली होती."

"ठाऊक आहे की," ते म्हणाले. जुन्या कपड्यांच्या गोदामात ते गठ्ठे फोडून माल निवडायचे. "शर्ट दोन्ही टीमचे आधीच छापून ठेवतात, साहेब. जिंकलेल्यांचे आमच्याकडे येतात ते वापरून विटल्यावर. कोरा येतो तो हरलेल्यांचाच." त्यांनी खांद्याची शिवण चिमटीत धरून ताणली. "बघा, एक तरी टाका उसवलाय?"

नव्हता. त्या फायनलनंतर मी दिवसभर जेवलो नव्हतो.

स्टॉप आला. छाती पुढे काढून ते उतरले, आणि माझं कॉलेज जिंकलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.