लोणीसाहेबांची ‘ज्योत’

घटनाक्रम प्रथम नोंदवतो, म्हणजे ‘आम्हांला कल्पना नव्हती’ हा बचाव कोणाला उरणार नाही. गणेश चतुर्थीच्या आधीच्या रविवारची बैठक: उत्सवात मोबाइलवर फोटो काढण्यास मनाई करणारा ठराव, जबाबदार, बडोद्याच्या कारेलीबागेतील आमच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष. गौरीजेवणाचा दिवस: त्या ठरावाची अंमलबजावणी, जबाबदार, चिटणीस. पुढील वर्षीचा दसरा: सभागृहाच्या भिंतीवर ‘ज्योत’ या छायाचित्राचे अनावरण, जबाबदार, वरील दोघे आणि टाळ्या वाजवणारे समस्त सभासद. गेला सोमवार: सूचनाफलकावर स्मृती छायाचित्रस्पर्धेची घोषणा, ‘मोबाइलवरील छायाचित्रे स्वीकारली जाणार नाहीत’ या अटीसह; जबाबदार, पुन्हा तेच दोघे. ज्यांच्या स्मृतीसाठी ही स्पर्धा आहे ते या साऱ्याचे मूळ. ते आता हयात नाहीत, म्हणून त्यांच्यावर नोटीस बजावता येत नाही. वर्णन मात्र करता येते.

त्यांना आम्ही लोणीसाहेब म्हणत असू. वाघोडियाच्या एका कारखान्यातून मोठ्या हुद्द्यावरून ते निवृत्त झाले आणि निवृत्तीनंतर इतर माणसे गुडघ्यांकडे वळतात तसे कॅमेऱ्याकडे वळले. नवा माणूस भेटला की आधी त्याच्या गळ्याकडे पाहत. गळ्यात कॅमेरा नसेल तर चेहऱ्यापर्यंत नजर नेण्याची तसदी क्वचितच घेत. कोणी हौसेने मोबाइलवरचा फोटो दाखवला, तर चष्मा कपाळावर ढकलून म्हणत, “छान आहे. पण हा फोटो नव्हे, झेरॉक्स आहे.”

दर दिवाळीला त्यांचे एक नवे भिंग येई. ते आणण्यासाठी मुंबईला जात आणि परतताना भिंगाची पेटी मांडीवर घेऊन बसत. शेजारच्या सीटवर सामान ठेवून पत्नीला खिडकीशी अंग चोरून बसवत. या भिंगांचा एकच उपयोग त्यांना ठाऊक होता. जवळची एक वस्तू कोरल्यासारखी स्पष्ट दिसावी आणि तिच्यामागचे जग वितळून जावे. “मागे लोणी आलं पाहिजे, लोणी,” असे ते सांगत. हे टोपणनाव माझ्या पत्नीने दिले. ते त्यांना कळले तेव्हा ते प्रसन्न झाले. उपरोध ओळखण्याइतकी दृष्टी महाग भिंगातून मिळत नाही.

करजणला चिटणिसांच्या मुलीचे लग्न झाले, तेव्हा छायाचित्रणाचा मक्ता अर्थातच यांच्याकडे होता. सासर गुजराती. आल्बम आला. त्यात नथीचा प्रत्येक मोती स्वतंत्र दिसत होता, अंतरपाटाचा धागान् धागा मोजता आला असता. नवरदेवाच्या आईने सगळी पाने उलटली, मुलगा कुठेच दिसेना, तेव्हा विचारले, “साहेब, आमां मारो दीकरो क्यां छे?”

लोणीसाहेब आपल्या लोण्याचे गुजराती करून मोठ्या अभिमानाने म्हणाले, “बेन, ए तो माखण थई गयो.”

माउलीने आल्बम मिटला तो पुन्हा उघडल्याचे ऐकिवात नाही. चिटणीस मात्र त्यानंतरही त्यांना ‘आपले आंतरराष्ट्रीय दर्जाचे’ म्हणत राहिले. महाग वस्तूने केलेली चूक ही चूक नसून शैली असते, असा कायदा बडोद्यात केव्हा संमत झाला, याचा शोध मी अद्याप घेत आहे.

माझी पत्नीही फोटो काढत असे. तिचा मोबाइल सुनेने वापरून टाकलेला, कोपऱ्यात तडा गेलेला. सेव-उसळच्या लारीवर उभी असो की देवळात, समोरच्या माणसाला ती एकच सांगे: “इकडे बघा. हसू नका, नुसतं बघा.” माणूस गोंधळून बघे आणि तेवढ्यात ती त्याला टिपून घेई. सोसायटीतील अनेकांना आपण खरोखर कसे दिसतो, ते त्या तडा गेलेल्या काचेवर प्रथम कळले. लोणीसाहेबांनी ते फोटो एकदा पाहिले आणि म्हणाले, “वहिनी, नजर आहे हो तुम्हांला. चांगलं यंत्र असतं, तर काहीतरी केलं असतंत.” आपण काय बोललो, हे त्यांना मरेपर्यंत कळले नसावे.

गौरीजेवणाच्या दिवशी समई लावण्याचा मान तिचा होता. त्याआधी ती आलेल्या बायकांचे फोटो घेऊ लागली, तेव्हा चिटणीस पुढे झाले. “काकू, मोबाइल आत. ठराव झालाय. साहेबांच्या फ्रेममध्ये येतो तो.” तिने तो पर्समध्ये ठेवला आणि हिरव्या शालूचा पदर सावरून समईपाशी बसली. त्या दिवसाचे तिचे जे काही रूप होते ते टिपण्याचा अधिकार सभागृहात केवळ एका व्यक्तीकडे उरला होता, आणि त्या व्यक्तीने वात टिपली.

दिवाळीपूर्वी ती आजारी पडली. लोणीसाहेब रुग्णालयात भेटायला आले. गळा रिकामा होता. “इथला उजेड बरोबर नाही, म्हणून आणला नाही,” असे त्यांनी न विचारता सांगितले. मग स्टुलावर बसून त्यांनी दुपारभर मोसंबी सोलली; प्रत्येक फोडीची पांढरी साल काढून, बिया वेगळ्या करून बशी तिच्यापुढे धरत राहिले. इतकी हळुवार बोटे या माणसाला आहेत, हे मी प्रथमच पाहिले. तिने उशीखालून मोबाइल काढला.

“साहेब, इकडे बघा. हसू नका.”

“वहिनी, इथे उजेड नाही.”

“तुम्ही आहात ना.”

त्यांनी पाहिले. स्वतःचा फोटो मात्र तिने कोणालाच काढू दिला नाही. बरी झाल्यावर काढू म्हणाली.

संक्रांतीआधी ती गेली. बेसण्याला, म्हणजे इथल्या शोकसभेला, हार घालण्यासाठी फोटो हवा होता. मी लोणीसाहेबांकडे गेलो. त्यांनी संगणकावर त्या उत्सवाची शेकडो छायाचित्रे उघडली: फुलवाती, बांगड्या, उकडीच्या मोदकाची एक कळी, आणि प्रत्येकाच्या मागे हिरवे लोणी. ते बराच वेळ शोधत राहिले. शेवटी पडद्याकडेच पाहत म्हणाले, “आहेत त्या. सगळीकडे आहेत.” तिच्या बेसण्याला आम्ही आधार कार्डावरचा फोटो मोठा करून लावला. तो कसा दिसतो, हे वाचकांना सांगायला नको.

पुढे त्या वातीच्या छायाचित्राला, म्हणजे ‘ज्योत’ला, कुठल्याशा प्रदर्शनात बक्षीस मिळाले आणि ती भिंतीवर चढली. त्यानंतर लोणीसाहेबही गेले. त्यांचा मुलगा माझ्या दारात उभा राहिला. “काका, बेसण्याला पप्पांचा एकही फोटो नाही हो. सगळ्यांत कॅमेराच तोंडापुढे आहे. काकूंच्या मोबाइलमध्ये असेल का?”

होता. हातात अर्धी सोललेली मोसंबी, समोर रोखलेली, काहीशी घाबरलेली नजर. येणारा प्रत्येक जण हार सरकवून पाहत होता आणि म्हणत होता, “अगदी साहेबच.” अध्यक्षांनी तर विचारले, “कुठल्या कॅमेऱ्याचा?” मी सांगितले. आणि गेल्या सोमवारी त्यांनीच मोबाइलबंदीच्या अटीखाली सही केली.

माझी मागणी मर्यादित आहे. ‘ज्योत’खालच्या पितळी पट्टीवर कॅमेऱ्याचे नाव आहे, भिंगाचे नाव आहे, काढणाऱ्याचे नाव आहे. ज्या बाईच्या हाताने ती वात लागली तिचे नाव कोणत्या नियमान्वये वगळले, याचे उत्तर अध्यक्ष आणि चिटणीस यांनी वार्षिक सभेत, ध्वनिक्षेपकावरून, त्या छायाचित्राखाली उभे राहून द्यावे. घरी येऊन ‘काका, समजून घ्या’ म्हणणाऱ्यास चहा मिळेल. ते उत्तर धरले जाणार नाही. नवी पट्टी कोरताना चूक होऊ नये म्हणून त्या हिरव्या लोण्याचे नाव येथे लिहून देतो: कुमुदिनी. ‘मु’ आणि ‘दि’ दोन्ही ऱ्हस्व.